लिफ्ट केलेल्या पिकअपचे लिंक रॉड : खटखट आवाजापासून तोरणमाळच्या घाटापर्यंत

गाडी दोन इंच उचलून देणारे पुष्कळ आहेत, पण उचलल्यावर (यालाच लिफ्ट म्हणतात) पुढच्या स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे वळणात गाडी जास्त झुकू न देणाऱ्या आडव्या दांडीच्या, लिंकचं काय करायचं हे नीट सांगणारं कोणी भेटत नाही. मला तरी भेटलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये आवाज सुरू झाला आणि मार्चमध्ये काम पूर्ण झालं, विम्याचा कागद तर एप्रिलमध्ये हातात आला. जसं घडलं तसं लिहितोय. ज्याच्या गाडीला असंच होतंय त्याला सुरुवात कुठून करायची एवढं तरी कळावं.

गाडी म्हणजे डबल कॅब, फोर बाय फोर, डिझेल पिकअप. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली हलणारे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण लोक नाव वाचतात आणि माप जसंच्या तसं उचलून टर्नरकडे नेतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सुद्धा लिफ्टचं किट वेगळं असतं, स्प्रिंग वेगळी असते, कोणी पुढे लोखंडी बंपर लावलेला असतो, आणि या सगळ्याने माप बदलतं. इथे जे आकडे येतील ते माझ्या गाडीचे आहेत, पद्धत मात्र कोणालाही वापरता येईल.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. केळी आणि कापूस. मळ्याचा रस्ता नाल्यातून जातो, नाल्यात गोटे आणि नाल्याच्या अलीकडे-पलीकडे काळी माती, पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरशिवाय काही चालत नाही. म्हणून फोर बाय फोर घ्यायचं बरेच दिवस डोक्यात होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकहून ही सेकंड हँड मिळाली, लिफ्ट आधीच्या मालकानेच केलेली होती, बिलं त्याने सांभाळून ठेवली होती हे फार बरं झालं, त्याचा उपयोग पुढे विम्याच्या वेळी झाला.

कागदपत्रांचं आधीच सांगतो. फॉर्म 29 आणि 30 भरून ट्रान्सफर केलं. विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. विमा पण आपल्या नावावर करायला 14 दिवसच असतात, हे बरेच जण विसरतात आणि क्लेमच्या वेळी रडतात. लिफ्टबद्दल मी आरटीओतल्या साहेबांना सरळ विचारलं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने जे दिलंय आणि आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम 182 अ प्रमाणे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लिंक रॉडची लांबी आरसीवर कुठेच नसते, पण गाडीची उंची वाढवणं हा बदलच आहे. त्या दिवशीच मी एक गोष्ट ठरवून टाकली, या गाडीवर पुढे जे काही काम करीन ते बोल्ट खोलून परत मूळच्या जागी आणता येईल असंच करीन, चासीला कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही. हे सगळ्यांनीच पाळावं असं मला मनापासून वाटतं.

आता आवाज. डिसेंबरच्या सुरुवातीला केळी काढणी चालू होती, मळ्यातून हळू निघताना पुढून डाव्या बाजूने टक-टक, टक-टक. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की काहीच नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की लगेच. ही खूण लक्षात ठेवा. दोन्ही चाकं सोबत वर-खाली झाली तर बार आपल्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरात, नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. एक चाक वर आणि एक खाली झालं तरच बार पिळला जातो आणि लिंकवर जोर येतो. म्हणजे एका चाकाच्या खड्ड्यात वाजतंय आणि दोन चाकांच्या ब्रेकरवर वाजत नाही, तर संशय आधी लिंकवर.

पण हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. एका गॅरेजवाल्याने शॉकअप सांगितले, दुसऱ्याने खालच्या आर्मचे बुश सांगितले, दोघांच्या एस्टिमेटमध्ये बऱ्यापैकी फरक होता आणि दोघांनी गाडीखाली जाऊन हात लावून बघितलं नव्हतं. मग मी आमच्या गावाजवळच्या जुन्या मिस्तरींकडे गेलो, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टर केलेत त्यांनी. आबांनी गाडी गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, मला खाली उतरवलं, पुतण्याला सांगितलं फुटबोर्डवर उभा राहून गाडी हलव. आणि मला म्हणे, लिंक रॉडला बोटं लावून धर. गाडी हलली की प्रत्येक वेळी बोटांच्या टोकाला बारीक धक्का बसत होता, कानाला यायच्या आधी बोटाला कळत होतं. डाव्या लिंकच्या वरच्या बॉल जॉइंटचं (सगळीकडे वळणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट फाटलेलं, आत ग्रीसऐवजी आपली धूळ, काळ्या पिठासारखी. उजव्याचं बूट पण चिरलेलं होतं.

त्याहून महत्त्वाचं आबांनी बॅटरी मारून दाखवलं. बारच्या टोकाची कड स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या, बूटाला घासल्याची चकचकीत खूण होती. अजून बूट फाटलेलं नव्हतं. पण स्टिअरिंगच्या वस्तूला दुसरं काही घासतंय म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण याच गाडीत आई, बायको, पोरं बसतात.

असं का होतं ते सांगतो. बार चासीला बसवलेला असतो. लिंक एका टोकाने बारला आणि दुसऱ्या टोकाने चाकाकडच्या भागाला, माझ्या गाडीत खालच्या आर्मला, काही गाड्यांत नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला. लिफ्ट केली म्हणजे चासी वर गेली, आर्म खाली राहिला, पण लिंक तेवढीच आखूड. मग ती बारचं टोक खाली ओढून धरते. बार वाकडा राहतो, लिंकचे बॉल जॉइंट सदाकदा तिरपे राहतात, आणि चाक खड्ड्यात लटकलं की बार अजून खाली येऊन नको तिथे टेकतो. बूट ताणून ताणून फाटतं, धूळ जाते, जॉइंट ढिला होतो, आवाज येतो. म्हणजे नुसते तेच लिंक नवे टाकले तर वर्ष-दोन वर्षांत परत तेच. लांबी वाढवणं हाच इलाज होता.

आता इथे प्रत्येक जण एकच सल्ला देतो. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, सगळीकडे तेच. आमच्या भाऊबंदातला एक जण तर दर वेळी म्हणायचा, "हाऊ बार काढी टाक ना भो, कशाले पैसा घालस?" बार काढला की नाल्यात चाकं जास्त लटकतात, ग्रिप चांगली मिळते, हे खरं आहे. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तर बटण दाबलं की पुढचा बार सुटतो आणि दगडातून बाहेर आलं की परत जोडला जातो. पण ती सोय कंपनीने विचार करून दिलेली आहे. आपण कायमचा काढून तीच गाडी हायवेला पळवायची हे वेगळं. आबांनी खात्री करायला दोन्ही बाजूंच्या लिंक सोडल्या, बारची टोकं तारेने वर बांधली म्हणजे कुठे लागायला नको, आणि म्हणाले गावापर्यंत हळू फिरवून आण. आवाज पूर्ण बंद, म्हणजे दोष लिंकचाच. पण बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागायच्या आधी जे वळण आहे तिथे गाडी अशी कलंडल्यासारखी झाली की मी आपोआप ब्रेकवर पाय ठेवला. स्पीड अगदी कमी होता आणि मागे माल नव्हता. उंच केलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो, तिला बारची गरज जास्त असते, कमी नाही. मागे केळीचे घड भरलेले आणि समोरून ऊस भरलेला ट्रक आला तर? मी तरी बार काढणार नाही आणि कोणाला काढा म्हणणार नाही.

मग डिसेंबरअखेर पर्याय शोधले. तयार लांब लिंक बाहेरून मागवायच्या तर पुण्याच्या एका पार्टवाल्याने जोडीचे 14,500 सांगितले आणि पाच-सहा आठवडे थांबा म्हणाला, तेही माझ्या लिफ्टला बसतील याची खात्री देईना. दुसरा पर्याय म्हणजे बारच्या बुशचे ब्रॅकेट खाली सरकवायचे, स्पेसर टाकून. पण माझ्या गाडीत बार खाली आणला तर टाय रॉडच्या अजून जवळ येत होता. तिसरा, जो सगळीकडे चालतो, मूळची लिंक मधून कापून तुकडा जोडून वेल्डिंग. हा कृपा करून करू नका. बॉल जॉइंटच्या आत नायलॉनची वाटी असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ती वितळते, ग्रीस जळतं, बूट कडक होतं, आणि वेल्ड नेमकं अशा जागी येतं जिथे दर खड्ड्याला ओढ आणि दाब आलटून-पालटून बसतो.

चौथा पर्याय आबांनी सुचवला, नवीन ॲडजस्टेबल लिंक बनवून घ्यायच्या. मधे हेक्स बारचा तुकडा, त्याला एका बाजूने उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूने डावे आटे, दोन्ही टोकांना बूट असलेले बॉल जॉइंट एंड, आणि चेक नट. मधला तुकडा पान्याने फिरवला की लांबी कमी-जास्त होते, काही खोलावं लागत नाही. उघडे रॉड एंड, जे रेसिंगवाले लावतात, ते मी मुद्दाम टाळले. दिसायला भारी असतात पण त्यांना बूट नसतं, आणि आपल्याकडे फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत जी धूळ उडते त्यात ते लवकर वाजायला लागतील.

माप घेणं हा या कामाचा खरा गाभा आहे. जानेवारीत संक्रांतीनंतर शिरपूरला एका ओळखीच्या दादांकडे गेलो, त्यांच्याकडे हीच गाडी, पण कंपनीची जशी आली तशी. त्यांनी अर्धा दिवस गाडी दिली, वर शेवभाजी खाऊ घातली. तिच्या बारचा हात जमिनीशी किती तिरपा आहे ते मोबाईलच्या लेव्हलवर मोजलं, मग माझ्या गाडीचा मोजला. माझा साधारण 6 अंश खाली झुकलेला. लक्ष्य हेच होतं की बारचा हात परत कंपनीच्या गाडीसारखा यावा.

मोजताना गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी, चारी टायरची हवा सारखी, टाकी साधारण अर्धी, आणि ड्रायव्हर सीटवर तेवढ्याच वजनाचं कोणीतरी. जॅकवर चढवून मोजलं तर सगळं चुकतं कारण सस्पेन्शन लटकलेलं असतं. आणि लिंक सोडायची असेल तर दोन्ही चाकं जमिनीवर किंवा दोन्ही चाकं हवेत. एकच बाजू जॅकवर घेतली तर बारला पीळ बसलेला असतो, नट सुटला की बार झटक्याने उडतो आणि हाताला लागू शकतो.

लोक म्हणतात दोन इंच लिफ्ट तर लिंक पण दोन इंच वाढव. माझ्यासारख्या सस्पेन्शनमध्ये ते बरोबर नाही. खालचा आर्म चासीकडे बिजागरीवर आहे, चाकाचं टोक 50 मिलिमीटर खाली गेलं तरी मधल्या जागा तेवढ्या खाली जात नाहीत. माझ्या गाडीत बिजागरीपासून आर्मच्या चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत 380 मिलिमीटर आणि लिंकच्या भोकापर्यंत 210. म्हणजे 50 ला 210 ने गुणून 380 ने भागायचं, साधारण साडेसत्तावीस येतात. मूळची लिंक बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत 92 मिलिमीटर, म्हणून नवी साधारण 120. ज्यांच्या गाडीला पुढे सलग एक्सल आहे त्यांचं गणित वेगळं, तिथे लिंक एक्सललाच असेल तर जवळपास लिफ्टएवढीच वाढवावी लागते.

मग जळगाव एमआयडीसी. डाळमिलचे शाफ्ट करणारे एक टर्नर काका आहेत, त्यांच्याकडे आबांनी पाठवलं. काकांनी पहिलं वाक्य असं टाकलं, "भाऊ, माप कागदावर द्या, तोंडी चालणार नाही." मला ते फार आवडलं. कागदावर काढून दिलं: ईएन-8 पोलादाचा 22 मिलिमीटरचा हेक्स बार, लांबी 60, दोन्हीकडून एम12 चे आटे, एक बाजू डावी. आटे आत किमान 18 मिलिमीटर घुसलेले पाहिजेत, म्हणजे बोल्टच्या जाडीच्या दीडपट, हे काकांनी स्वतःहून सांगितलं. प्रत्येक तुकड्याला बारीक आडवं भोक पण ठेवलं, त्यातून तार घालून बघता येतं की आटे तिथपर्यंत आलेत की नाही. ॲडजस्टेबल काहीही बनवाल तर हे भोक सांगून करून घ्या.

डाव्या आट्यांचे बॉल एंड मिळायला वेळ लागला. जळगावात उजवे सहज मिळाले, डावे पुण्याहून कुरिअरने आले, फेब्रुवारीचा मध्य उजाडला. चार एंड प्रत्येकी 650. तुकडे तयार झाले पण झिंक प्लेटिंगवाल्याकडची बरीच माणसं पावरा समाजाची, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार (आदिवासींचे जत्रेसारखे बाजार) सुरू झाले आणि सगळे आपापल्या गावी. दर वर्षीचं आहे, सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्याने कामाची तारीख धरताना होळीचे आठ-दहा दिवस सोडूनच धरावी. मी गाडी तोपर्यंत मळ्यापुरतीच वापरली, कोणाला बसवलं नाही.

धुळवडीनंतर आबांकडे बसवायला घेतलं. सकाळी लवकर, कारण मार्चमध्ये अकरा वाजले की पत्र्याच्या शेडखाली उन्हाने बसणं होत नाही. आधी बारचे डी-बुश बदलले, जुने कडक झाले होते आणि लिंक नवी टाकून बुश जुने ठेवले तर आवाज राहतो. बुशला साधं ग्रीस लावायचं नाही, खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं, सिलिकॉनचं लावायचं. मग लिंक. इथे एक अडचण सगळ्यांना येते: नट आवळायला लागलं की बॉलचा स्टड (आटे असलेली दांडी) सोबत फिरतो आणि नट काही पुढे सरकत नाही. स्टडच्या टोकाला ॲलन कीचा खाचा असतो, तो धरून ठेवायचा आणि बाहेरून रिंग पान्याने नट आवळायचा. नट आवळायची गन लावायची नाही, गनने स्टड फिरतो आणि नवं बूट पहिल्याच दिवशी पिळून फाटतं. नट नवे नायलॉकचे (आपोआप ढिले न होणारे), जुने परत वापरले नाहीत. शेवटचं आवळणं गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर, टॉर्क पान्याने. आबांकडे टॉर्क पाना नव्हता, तो चोपड्याहून एका टायरवाल्याकडून दिवसापुरता आणला.

गाडी चाकांवर उभी करून मधला हेक्स फिरवत बारचा हात शिरपूरच्या गाडीइतका आणला. दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघायची सोपी खूण आहे: एक बाजू जोडून झाल्यावर दुसऱ्या बाजूचा स्टड त्याच्या भोकात जोर न लावता, हाताने आत गेला पाहिजे. ढकलावा लागला तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे आणि गाडी एका बाजूला कलते. आमची डावी बाजू किंचित लांब ठेवावी लागली, डावी-उजवीकडे स्प्रिंगची उंचीच थोडी वेगळी होती. मग चेक नट आवळून प्रत्येक नटवर पांढऱ्या पेंट मार्करची रेघ मारली, पुढे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

यानंतर गाडी लगेच रस्त्यावर नेली नाही. दोन्ही चाकं हवेत लटकवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे केलं आणि आबा खाली बॅटरी घेऊन. आता बार आणि टाय रॉडच्या मध्ये दोन बोटं सहज जात होती. ब्रेकचा होज, एबीएसची वायर, एक्सलचं रबरी बूट, प्रत्येकाजवळून लिंक किती लांब राहते ते बघितलं. नंतर केळीच्या बांधावर एक चाक चढवून दुसरं खाली, आणि मग उलट बाजूने. बॉल जॉइंट शेवटपर्यंत वाकून अडत नाही ना हे याच स्थितीत कळतं, सपाट जमिनीवर नाही. लिंक बदलल्याने व्हील अलाइनमेंट बिघडत नाही, पण आधीच्या मालकाने लिफ्टनंतर केलेली अलाइनमेंट कशी आहे ते बघायचंच होतं म्हणून जळगावला करून घेतली, टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं, थोडा बाहेर होता. त्याच वेळी हेडलाइट खाली करून घेतले. उंच गाडीचा लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि रात्री केळीच्या गाड्या चालवणाऱ्यांना त्याचा किती त्रास होतो हे मला माहीत आहे.

खर्च सांगतो म्हणजे अंदाज येईल. आबांनी तपासायचे 500 घेतले, हेक्स बार आणि टर्निंग 1,800, चार एंड 2,600, प्लेटिंग 300, डी-बुश 700, बसवायची मजुरी 1,200 आणि अलाइनमेंट 800. सगळं मिळून 7,900. यात कुरिअर आणि जळगावच्या फेऱ्यांचं डिझेल धरलेलं नाही.

मार्चच्या शेवटी घरच्यांना घेऊन तोरणमाळला गेलो. चोपड्याहून शिरपूर, शहादा आणि मग वर. मागे मुद्दाम खताच्या काही गोण्या टाकल्या होत्या, कारण रिकाम्या पिकअपवरून काहीच कळत नाही. सातपायरी घाटाची वळणं एकाला एक लागून आहेत, एका वळणातून गाडी सरळ होते न होते तोच दुसरं उलट्या बाजूचं. बारचं खरं काम तिथे दिसलं. गाडी वळणात झुकत होती पण जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबत होती, आणि उलट वळणात सावकाश परत येत होती, झोल नव्हता. मागच्या सीटवर आईला घाटात नेहमी मळमळतं, ती यशवंत तलावापर्यंत खिडकीतून बघत आली. आवाज एकदाही नाही. वर पोचल्यावर खाली वाकून पांढऱ्या रेघा बघितल्या, सगळ्या जागच्या जागी.

जंगलात जाणाऱ्यांना एक सांगणं आहे. फोर बाय फोर आहे म्हणून वनखात्याच्या हद्दीत वाट सोडून गाडी घालू नका, यावल अभयारण्यात तर अजिबात नाही. मी एक चाक वर एक खाली करून बघितलं ते आमच्याच बांधावर.

विम्याचं शेवटी झालं. कंपनीला मेल केला, सोबत लिफ्टची जुनी बिलं, नव्या लिंकची बिलं, चारी बाजूंचे आणि गाडीखालचे फोटो, आणि एक साधं पत्र की गाडीत हा बदल आहे आणि तुम्हाला कळवतोय. त्यांनी सर्व्हेअर पाठवला, त्याने फोटो काढले, चासी नंबर ताडून बघितला, वेल्डिंग किंवा कटिंग कुठे आहे का हे खास विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने खाली वाकून खात्री केली. साधारण तीन आठवड्यांनी एंडोर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीत हा बदल नोंदवल्याचा, मेल आला, थोडा प्रीमियम वाढला. तो कागद प्रिंट काढून आरसीसोबत ठेवलाय. विमा कंपनीला कळवलं म्हणजे आरटीओची परवानगी मिळाली असं होत नाही, हे दोन्ही वेगळं आहे. रस्त्यात कोणी अडवलं तर लिफ्टबद्दल उत्तर मलाच द्यायचंय.

बसवल्यावर पाचेकशे किलोमीटरला सगळे नट परत टॉर्क पान्याने तपासले, एक चेक नट किंचित हलला होता, तो आवळून नवी रेघ मारली. आता दर सर्व्हिसिंगला बूट चिरलंय का आणि रेघा जुळतात का एवढं बघायचं असं आबांनी सांगितलंय, पावसाळ्यात नाल्यातून जास्त जाणं झालं तर मधेच एकदा. मूळच्या मापाची एक नवी कंपनीची जोडी पण आणून ठेवलीय, लिफ्ट उतरवायची वेळ आली तर तेव्हा शोधाशोध नको. आणि चोपडा-यावल-शिरपूर भागात कोणाची लिफ्ट केलेली गाडी असेल तर एकदा गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन बारच्या टोकाजवळ टाय रॉडच्या बूटावर चकचकीत खूण आहे का तेवढं बघून घ्या, आवाज येत नसला तरी.